आधी फोटो, मग जागा, मग फ्रेम: गेलेल्या लाडक्या प्राण्याची आठवण चौकटीत बसवताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 13 वर्षं घरात वावरलेला तुमचा काळा कुत्रा दोन महिन्यांपूर्वी गेला. त्याचा फोटो फ्रेम करून लावायचा आहे. फोटो बहुतेक फोनमधले, काही व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, आणि तो पिल्लू असतानाचे दोन-तीन छापील. गळ्यातला चामड्याचा पट्टा आणि केसांचा एक झुपका तुम्ही जपून ठेवला आहे. घरात एक मांजरही आहे. पंजांचे ठसे कोरलेली तयार फ्रेम घ्यावी की करून घ्यावी, केवढी घ्यावी, आणि पट्टा फ्रेमच्या आत ठेवता येईल का, हे तुम्ही विचारलं आहे.

मी बरीच वर्षं फ्रेमिंगचं काम करते, आणि गेलेल्या कुत्र्या-मांजरांचे फोटो घेऊन येणारी माणसं मला नेहमी भेटतात. जवळजवळ सगळ्यांची सुरुवात फ्रेमपासून होते: कुठली पट्टी (म्हणजे फ्रेमची बाहेरची लाकडी कड), कुठला रंग, नाव कोरायचं का. मला विचाराल तर हा क्रम उलटा हवा. आधी फोटो ठरवा, मग तो कुठे लावणार ती जागा ठरवा, आणि फ्रेम सगळ्यात शेवटी. फोटो आणि जागा पक्की झाली की फ्रेमचे निम्मे निर्णय आपोआप होतात. जे उरतात त्यांतले महत्त्वाचे निर्णय डोळ्यांना न दिसणाऱ्या भागांचे असतात: फोटोच्या मागे काय आहे, कडेला काय आहे आणि पुढे कोणती काच आहे. फोटो 30 वर्षं टिकतो की पाच-सात वर्षांत पिवळा पडतो, ते या भागांवर ठरतं. कोरीव पंजांवर नाही.

फोटो निवडताना एक गोष्ट मनापासून सांगते. सगळ्यात देखणा फोटो शोधू नका, त्याच्यासारखा फोटो शोधा. एक कान वर आणि एक खाली ठेवून बघायची सवय असेल, दाराशी तिरका बसत असेल, झोपताना जीभ जरा बाहेर राहत असेल, तर ती सवय ज्यात पकडली गेली आहे तो फोटो. तो तांत्रिकदृष्ट्या थोडा कमी असला तरी चालेल. पाच वर्षांनी तुम्ही भिंतीकडे बघाल तेव्हा ‘किती छान फोटो’ असं वाटण्यापेक्षा ‘हा अगदी असाच बसायचा’ असं वाटायला हवं. शेवटच्या आजारपणातले फोटो मात्र भिंतीसाठी घेऊ नका. ते फोनमध्ये असू द्यात, पुसू नका, पण रोज समोर लागू नयेत. आत्ता तेच फोटो सगळ्यात ताजे असल्यामुळे सगळ्यात खरे वाटतात. सहा महिन्यांनी मन मागे जाऊ लागतं, तो धडधाकट असतानाचे दिवस आठवू लागतात, आणि तेव्हा भिंतीवरचा थकलेला चेहरा सोसत नाही. म्हणूनच घाई करू नका असंही सांगेन. चार-पाच फोटो छोट्या आकारात छापून घ्या आणि आठवडाभर घरात येता-जाता दिसतील असे ठेवा. त्यातला एक आपोआप वर येतो.

निवडलेल्या फोटोत डोळे नीट बघा. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोंत कुत्र्या-मांजरांचे डोळे हिरवे किंवा पिवळे चमकतात. त्यांच्या डोळ्यांत पडद्यामागे प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्याची ही चमक. फोनमधलं ‘रेड आय’ काढणारं बटण माणसाच्या लाल बाहुल्यांसाठी बनवलेलं असतं, त्याचा इथे फारसा उपयोग होत नाही. दुरुस्ती हाताने करावी लागते: बाहुली गडद करायची, पण तिच्यातला प्रकाशाचा छोटा पांढरा ठिपका राखायचा. तो ठिपका गेला की डोळे निर्जीव दिसतात. फोटो दुरुस्त करणाऱ्याला हे शब्दांत सांगून ठेवा, नाहीतर तो दोन सपाट काळे गोळे भरून देतो.

आता पिक्सेल. हा भाग रुक्ष आहे, पण सगळ्यात जास्त निराशा इथेच पदरी पडते. जवळून बघायच्या छापील फोटोला इंचाला 300 पिक्सेल असले तर उत्तम, 200 असले तरी निभतं. 12 मेगापिक्सेलच्या फोनचा मूळ फोटो साधारण 4000 बाय 3000 पिक्सेलचा असतो, म्हणजे 13 बाय 10 इंचांपर्यंत तो अगदी स्वच्छ छापला जातो. तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने आला असेल तर त्याची लांब बाजू अनेकदा 1600 पिक्सेलच्या आसपास उरलेली असते. तो 5 बाय 7 इंचांपर्यंत ठीक दिसतो, त्यापुढे केसांचा पोत चिखलासारखा मिसळायला लागतो. त्यामुळे ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाइल मागवा. ईमेलने, ड्राइव्हच्या लिंकने किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरच ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे आकार घटत नाही. स्क्रीनशॉट कधीच देऊ नका.

छोटा फोटो यंत्राकडून ‘वाढवून’ देणारी अ‍ॅप हल्ली सगळ्यांकडे आहेत. त्यांच्याबद्दल माझं मत ठाम आहे. ती अ‍ॅप हरवलेला तपशील परत आणत नाहीत, अंदाजाने नवा भरतात. मिशा, नाकावरची खूण, भुवईवरचे दोन पांढरे केस, डोळ्यांचा आकार यांत बारीक फरक पडतो, आणि बाकी कुणाला नाही तरी तुम्हाला तो लगेच कळतो. चेहरा ओळखीचा दिसतो आणि तरी परका वाटतो. अशा वेळी फोटो लहानच छापा आणि त्याच्याभोवती रुंद माउंट द्या, म्हणजे फोटो आणि फ्रेम यांच्यामध्ये बसणारी, मधोमध खिडकी कापलेली जाड पुठ्ठ्याची चौकट. 5 बाय 7चा खरा फोटो 11 बाय 14च्या चौकटीत फार सुंदर दिसतो, भिंतीवर त्याला वजनही येतं. ढग, पंख, इंद्रधनुष्य अशी पार्श्वभूमी जोडून देतात तेही मी सहसा टाळायला सांगते. त्याच्यामागे दिसणारा तुमचा सोफा, पायरी, बागेतली कुंडी हे त्याचं जग होतं. ते कापून टाकू नका.

फोटोच्या प्रमाणाकडेही लक्ष द्या. फोनचा फोटो सहसा 4:3 प्रमाणाचा असतो आणि 8 बाय 12 इंच हे 3:2 प्रमाण आहे. या आकारात छापायला दिलात तर फोटोचा सुमारे नववा हिस्सा कापला जातो, आणि दुकानातलं यंत्र तो कापताना कान, शेपूट, पंजा बघत नाही. 6 बाय 8 किंवा 9 बाय 12 हे आकार फोनच्या फोटोला न कापता बसतात. तयार फ्रेम याच आकारात मिळाली नाही तर माउंटची खिडकी हव्या त्या मापाची कापून घेता येते. माउंट असण्याचा हा एक मोठा फायदा.

तुमचा कुत्रा काळा होता, म्हणून यावर जरा जास्त बोलते. काळ्या जनावराचे फोटो फोनवर छान दिसतात आणि छापल्यावर काळा ठोकळा होऊन येतात. फोनच्या पडद्याला मागून उजेड असतो, कागदाला नसतो. त्यामुळे छापण्याआधी फक्त गडद भाग, ज्याला एडिटिंगमध्ये ‘शॅडोज’ म्हणतात, तो थोडा उजळून घ्यावा लागतो. सगळा फोटो उजळला तर मागचं आकाश किंवा भिंत पांढरीफटक होते. बघायचं इतकंच: कानाची कड डोक्यापासून वेगळी दिसते का, छातीवरच्या केसांची दिशा कळते का, नाक आणि तोंड एकमेकांत मिसळलं नाही ना. मोठा फोटो छापण्याआधी त्याच कागदावर 4 बाय 6चा नमुना छापून घ्या आणि जिथे लावणार तिथल्या उजेडात, दिवसा आणि रात्री, दोन्ही वेळा बघा. सावलीत, ढगाळ दिवशी किंवा खिडकीशेजारी काढलेला फोटो असेल तर तुमचं काम अर्धं झालं, कारण मऊ उजेडात काळ्या केसांतला तपशील टिकतो. पांढऱ्या मांजरीचं नेमकं उलट असतं: उजळ भागातला तपशील एकदा गेला की कुठल्याही दुरुस्तीने परत येत नाही, तिथे फोटो निवडतानाच काळजी घ्यावी लागते.

कागद लस्टर किंवा सॅटिन, म्हणजे मंद चमक असलेला घ्या. पूर्ण ग्लॉसी कागदावर काचेखाली चमक वाढते. साध्या मॅट कागदावर काळा रंग राखाडीकडे झुकतो, आणि काळ्या कुत्र्याला तो मानवत नाही. छपाई फोटो लॅबच्या रासायनिक प्रक्रियेची असो वा इंकजेटची, दोन्ही चालतील. इंकजेट असेल तर शाई पिगमेंटची, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली, आहे का ते विचारा. डाय शाईचे, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईचे, रंग सुरुवातीला जास्त झळाळतात, पण उजेडात सहसा लवकर उतरतात.

पिल्लू असतानाचे जे छापील फोटो आहेत, ते मूळ फोटो फ्रेममध्ये लावूच नका. स्कॅन करा आणि प्रत लावा. 4 बाय 6चा छापील फोटो 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके) स्कॅन केला की त्याची दुपटीने मोठी प्रत व्यवस्थित निघते. मूळ फोटो अंधारात, कोरड्या जागी, आम्लविरहित कागदाच्या पाकिटात राहू दे. भिंतीवरची कुठलीही गोष्ट उजेडाने हळूहळू उतरणारच. प्रत उतरली तर पुन्हा छापता येईल, मूळ उतरला तर काही करता येत नाही. हाच न्याय डिजिटल फाइललाही लावा: निवडलेला फोटो फोनखेरीज आणखी दोन ठिकाणी साठवून ठेवा, आजच. माझ्याकडे अशी माणसं आली आहेत ज्यांच्याजवळ फोन बिघडल्यावर फक्त भिंतीवरची फ्रेम उरली होती.

आता जागा. घरच्यांचा वावर असतो पण जी सतत डोळ्यांसमोर राहत नाही अशी भिंत मला सगळ्यात योग्य वाटते. त्याच्या झोपायच्या कोपऱ्यावरची भिंत अनेकांना हवी असते, त्यात चूक काही नाही. फक्त तिथे ऊन येतं का ते बघा, कारण कुत्री-मांजरं नेमकी उन्हाची जागा निवडतात. लक्स हे उजेड मोजायचं माप; थेट ऊन सुमारे एक लाख लक्सपर्यंत जातं, आणि संग्रहालयात कागदावरच्या नाजूक वस्तूंना साधारण 50 लक्सच दिले जातात. एवढा फरक कुठलीही काच भरून काढत नाही. रोज तासभर ऊन येणारी भिंत असेल तर सरळ दुसरी घ्या. स्वयंपाकघर आणि बाथरूमला लागून असलेली, तसंच पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंतही टाळा. फ्रेमच्या मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे किंवा फेल्टचे छोटे ठोकळे लावून घेतले की भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. फोटोचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटीमीटरवर ठेवा. घरात लहान मुलं असतील आणि तो त्यांचा सवंगडी असेल तर मी हे माप खुशाल खाली आणते.

मांजर आहे म्हणता, तर टेबलावरच्या फ्रेमपेक्षा भिंत बरी. टेबल-फ्रेम हवीच असेल तर रुंद बुडाची घ्या आणि खाली प्रदर्शनात वस्तू जागेवर धरून ठेवणारी मेणासारखी चिकट पुट्टी लावा. भिंतीवर दोन हुकांवर टांगा, एका खिळ्यावर नको. दोन हुकांवर फ्रेम तिरकी होत नाही आणि धक्का लागला तरी सहज सुटत नाही.

आता न दिसणाऱ्या भागांकडे येते. स्वस्त तयार फ्रेममध्ये फोटोच्या मागे एमडीएफ किंवा हार्डबोर्ड, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेला बोर्ड असतो आणि पुढे फोटो थेट काचेला टेकलेला असतो. या दोन्ही गोष्टी घातक आहेत. एमडीएफसारख्या बोर्डातून आम्लयुक्त वाफा हळूहळू बाहेर पडत राहतात, कागद पिवळा पडतो आणि रंग बदलतात. आणि फोटो काचेला टेकला की दमट हवेत त्याचा वरचा थर मऊ होऊन काचेला चिकटतो. लॅबमध्ये छापलेल्या फोटोचा वरचा थर जिलेटिनचा असतो, तो एकदा चिकटला की फोटो फाडल्याशिवाय सुटत नाही. चेहऱ्यावरच तसा ओलसर चट्टा पडलेला फोटो घेऊन कुणी येतं तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण एका माउंटने तो वाचला असता.

म्हणून माउंट हवाच. तो फोटो आणि काच यांच्यात अंतर ठेवतो. साधा माउंट दीड मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो, मोठ्या फोटोला दुहेरी द्या. ‘आम्लविरहित’ एवढं लिहिलेलं पुरत नाही, कापसाच्या धाग्यांचा किंवा शुद्ध केलेल्या अल्फा सेल्युलोजचा (म्हणजे आम्ल काढून टाकलेल्या लाकडाच्या लगद्याचा) आहे का ते विचारा. फोटोंजवळ ठेवायच्या साहित्याची एक ठरावीक चाचणी असते, आयएसओ 18916 हे तिचं आंतरराष्ट्रीय मानक. ती पार केलेला बोर्ड मिळाला तर उत्तम. फोटोच्या मागेही असाच बोर्ड हवा. आणि फोटो माउंटला कधीही डिंकाने, सेलोटेपने किंवा दुहेरी चिकटपट्टीने लावू देऊ नका. पॉलिएस्टरचे पारदर्शक कोपरे मिळतात, त्यांत फोटो नुसता अडकवून ठेवता येतो, आणि पुढे कधी बदलायचा झाला तर इजा न होता निघतो.

माउंटचा रंग साधा ठेवा. काळ्या कुत्र्याभोवती काळा माउंट दिला की कुत्रा हरवतो, आणि शुभ्र पांढरा दिला की डोळा पांढऱ्यावरच जातो आणि काळा आणखी काळा वाटतो. मोतिया, दुधाळ किंवा फिकट करडा घ्या. रुंदी अडीच-तीन इंच, खालची बाजू अर्धा इंच जास्त. खाली थोडी जास्त जागा असली की चित्र घसरल्यासारखं दिसत नाही.

काचेचा प्रश्न तुमच्यासाठी इतरांपेक्षा महत्त्वाचा आहे, पुन्हा त्याच्या रंगामुळेच. साधी काच सुमारे आठ टक्के प्रकाश परत फेकते. उजळ फोटोवर ते जाणवत नाही, पण काळ्या फोटोवर काच आरसा होते आणि त्याच्या छातीवर तुम्हाला तुमची खिडकी दिसते. परावर्तन कमी करणारा लेप दिलेली काच यावर सगळ्यात चांगला उपाय आहे, ती एक टक्क्याच्या आसपासच प्रकाश परत फेकते. ती महाग असते, हे मान्य. पण पैसे कुठे तरी जास्त घालायचेच असतील तर कोरीव पट्टीऐवजी इथे घाला. खरखरीत ‘नॉन-ग्लेअर’ काच वेगळी, ती चमक पसरवते आणि माउंटमुळे अंतर आलं की फोटो धूसर दिसतो, म्हणून ती नको. अतिनील किरण अडवणारी काच 97 टक्क्यांहून अधिक अतिनील अडवते, जरूर घ्या. पण दिसणारा उजेडही रंग उतरवतो, म्हणून ती घेतली तरी उन्हाची भिंत चालणार नाही.

अ‍ॅक्रिलिक, म्हणजे काचेऐवजी लावायचं पारदर्शक प्लास्टिक, काचेच्या निम्म्या वजनाचं असतं आणि त्याचे फुटून तुकडे होत नाहीत, म्हणून मुलं आणि मांजर असलेल्या घरात मी ते सुचवते. पण त्याच्यावर स्थिर वीज जमते. केसांचा झुपका आत ठेवणार असाल तर केस उडून आतून अ‍ॅक्रिलिकला चिकटतील. केस असलेल्या फ्रेमला काच घ्या, नाहीतर स्थिर वीज न धरणारं खास अ‍ॅक्रिलिक.

पट्टा आत ठेवता येतो, त्यासाठी खोल फ्रेम लागते, जिला शॅडो बॉक्स किंवा बॉक्स फ्रेम म्हणतात. पट्ट्याचा सगळ्यात जाड भाग, म्हणजे बहुधा बकल, मोजा आणि त्याहून किमान एक सेंटीमीटर जास्त खोली घ्या. चामडं आणि फोटो एकमेकांना टेकू देऊ नका. कातडं कमावताना वापरलेली रसायनं आणि त्यात मुरलेला तेलकटपणा कागदावर डाग पाडतो, आणि बकलच्या धातूला गंज आला की तोही पसरतो. पट्टा धुऊ नका. मऊ ब्रशने धूळ झाडा, कोरड्या कापडाने पुसा आणि काही दिवस हवेशीर सावलीत ठेवा. बऱ्याच जणांना पट्ट्याचा वास राहावा असं वाटतं, आणि ते मी पूर्ण समजू शकते. पण फ्रेममध्ये गेलेल्या पट्ट्याचा वास तुम्हाला घेता येणार नाही. वास जपायचा असेल तर पट्टा डब्यात घट्ट झाकून ठेवा आणि फ्रेममध्ये फक्त नावाचा बिल्ला लावा. माझ्या पाहण्यात बिल्ला आणि फोटो ही जोडी पट्टा आणि फोटोपेक्षा जास्त नेटकी दिसते. पट्टा लावायचाच झाला तर सुती दोऱ्याने मागच्या बोर्डाला टाके घालून बांधा, गरम डिंकाच्या पिस्तुलाने नको.

त्याचं रबराचं किंवा मऊ प्लास्टिकचं खेळणं मात्र फोटोसोबत बंद चौकटीत ठेवू नका. मऊ प्लास्टिकमधलं तेल वर्षानुवर्षं पाझरत राहतं, पृष्ठभाग चिकट होतो आणि वाफ फोटोवर बसते. वेगळ्या कपाटात ते सुखाने राहील.

केसांबद्दल एक इशारा. केस हे कपड्यांच्या कसरीचं आणि काही भुंग्यांच्या अळ्यांचं अन्न आहे. झुपका फ्रेममध्ये घालण्याआधी हवाबंद पिशवीत घालून घरच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा, म्हणजे अंडी-अळ्या असतील तर मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यात, नाहीतर केसांवर दव धरतं. मग सुती दोऱ्याने एका टोकाला बांधा आणि शक्यतो छोट्या काचेच्या कुपीत घालून कुपी फ्रेममध्ये बसवा. सगळे केस फ्रेममध्ये घालू नका, निम्मे बाजूला ठेवा.

पंजाचा ठसा तुमच्याकडे नाही, पण ज्यांचं जनावर म्हातारं झालं आहे आणि अजून सोबत आहे त्यांनी तो आत्ताच घ्यावा. बिनविषारी, पाण्याने धुतली जाणारी शाई आणि चांगला जाड कागद पुरतो. मातीच्या ठशापेक्षा कागदावरचा ठसा फ्रेमला सोपा, सपाट आणि टिकाऊ. पीठ आणि मिठाच्या गोळ्यात घेतलेले ठसे दमट हवेत पाणी ओढतात आणि बुरशी धरतात. प्लास्टरचा ठसा असेल तर तो आतपर्यंत वाळल्याशिवाय, म्हणजे हाताला गार लागायचा थांबेपर्यंत, बंद चौकटीत ठेवू नका.

आता शेवटी पट्टी, म्हणजे खरी ‘फ्रेम’. इतकं सगळं ठरल्यावर ती निवडायला फार वेळ लागत नाही. लाकडाची, मध्यम रुंदीची, उबदार तपकिरी किंवा मधाळ रंगाची घ्या. काळ्या कुत्र्याच्या अंगावर उन्हात जी तांबूस झाक मारते, त्या रंगाची पट्टी मिळाली तर फोटो आणि फ्रेम एकमेकांचे होतात. कोपऱ्यांचे जोड नखाने तपासा, फट लागता कामा नये. फोटो, माउंट, काच आणि मागचा बोर्ड हे सगळं आत मावेल एवढी खाच हवी. ही खाच उथळ असली की सगळं मागून फुगतं. पंजे आणि हाडं कोरलेल्या तयार फ्रेम मला फारशा आवडत नाहीत, कारण त्या कुठल्याही कुत्र्याच्या असू शकतात. पण तुम्हाला किंवा घरातल्या मुलाला तशीच हवी असेल तर घ्या. फक्त मागची बाजू उघडता येते का ते बघा, आतला बोर्ड आणि माउंट बदलून घ्या आणि फोटो काचेपासून दूर ठेवा. तयार फ्रेमही अशी सुधारता येते.

नाव लिहायचं असेल तर ज्या नावाने त्याला खरोखर हाक मारायचात ते लिहा. लसीकरणाच्या कार्डावरचं एक आणि घरातलं दुसरंच, असं बहुतेकांचं असतं. काचेवर नाव कोरू नका, त्याची सावली फोटोवर पडते आणि पुढे काच बदलली की नाव गेलं. माउंटवर खाली लहान अक्षरांत किंवा छोट्या पितळी पट्टीवर चांगलं दिसतं. तारखांबाबत माझा आग्रह नाही, पण मृत्यूची पूर्ण तारीख रोज समोर असावी का याचा विचार करा. नुसती वर्षं लिहिली तरी पुरतात. बाकीचं मागच्या बाजूला लिहा: फोटो कुणी काढला, कधी, कुठे, तेव्हा तो काय करत होता. वेगळ्या आम्लविरहित कागदावर पेन्सिलने लिहून तो मागच्या आवरणावर लावा. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलंत तर अक्षरं पुढे उमटतात.

डिजिटल फ्रेमबद्दल कुणीतरी सुचवेलच. शेकडो फोटो आणि व्हिडिओ असतील तर ती आनंद देते, पण ती वीज गेली की काळी, आणि काही वर्षांनी बिघडणारी वस्तू आहे. तिला सोबतीला ठेवा, भिंतीवरच्या फोटोच्या जागी नको.

घरात फोटोवरून मतभेद होतील, कारण प्रत्येकाचा तो वेगळा होता. एकाच फ्रेममध्ये आठ खिडक्या कापून सगळ्यांचं समाधान करायला जाऊ नका, प्रत्येक फोटो टिकलीएवढा होतो आणि कुणाचंच समाधान होत नाही. भिंतीवर एक मोठा, आणि प्रत्येकाला स्वतःच्या आवडीचा छोटा फोटो स्वतःच्या खोलीत. बाकीचे अल्बममध्ये.

फ्रेम तयार होऊन हातात आली की घरी नेण्याआधी तिथेच तपासा. तिरक्या उजेडात धरून काचेच्या आत धूळ किंवा बोटांचे ठसे दिसतात का बघा. हलकेच हलवा, आत काही खडखडता कामा नये. पालथी करून बघा: मागची बाजू चारही कडांनी कागदाने किंवा पट्टीने बंद आहे ना, दोन्ही कड्या स्क्रूने लाकडात घट्ट बसल्या आहेत ना, आणि कापल्यावर उरलेला माउंटचा तुकडा तुम्हाला परत मिळाला आहे ना. तो तुकडा फेकू नका. पुढे त्याच्या पिल्लूपणीच्या फोटोची दुसरी फ्रेम करावीशी वाटली तर रंग जुळवायला तोच लागेल.